मूळ पुरं होण्याआधीच दात मेला तर?

कायमचा दात हिरडीतून वर आला की तो पुरा झाला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या दिवशी त्याचं फक्त वरचं, दिसणारं अंग तयार असतं. हिरडीखाली मूळ अजून घडत असतं आणि ते पुरं व्हायला पुढे साधारण तीन वर्षं लागतात. वरचे मधले पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यांची मुळं दहाव्या वर्षाच्या आसपास पुरी होतात. उपदाढा दहा ते बाराव्या वर्षी येतात, त्यांची मुळं तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत चालू असतात. आणि सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, कुणाच्या लक्षातही न येता उगवते ती पहिली कायमची दाढ. तिचं मूळ नवव्या-दहाव्या वर्षी पुरं होतं. कितीतरी घरांत तिला दुधाचीच दाढ समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, आणि तिच्या जागी दुसरी येतही नाही.

म्हणजे सहा ते चौदा या वयात मुलाच्या तोंडात कुठला ना कुठला कायमचा दात अर्धवट मुळाचा असतोच. सायकलवरून पडायचं, शाळेच्या जिन्यात ढकलाढकली करायचं, क्रिकेटचा चेंडू तोंडावर घ्यायचं वयही हेच. अशा मारामुळे किंवा खोल किडीमुळे अर्धवट मुळाचा दात आतून मेला, तर त्याचं काय करायचं हा दंतवैद्यकातला फार जुना आणि अवघड प्रश्न. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्यावर एक नवा उपचार रुळला. त्याला रीजनरेटिव्ह रूट कॅनल म्हणतात. साधी रूट कॅनल करताना डॉक्टर मेलेला भाग काढून पोकळी कायमची बुजवतात. इथे पोकळी स्वच्छ करून ती मुलाच्याच रक्ताने भरतात आणि शरीराला तिथे पुन्हा काम सुरू करायची संधी देतात.

हे कळायला आधी मूळ कसं वाढतं ते पाहू. दाताच्या आत मऊ गर असतो. आपल्याकडे त्याला सरसकट ‘नस’ म्हणतात, पण त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि दाताची भिंत रचणाऱ्या पेशी असं सगळंच असतं. या पेशी आतल्या बाजूने डेंटिनचे थर चढवत जातात. त्यामुळे वयाबरोबर मुळाची भिंत जाड होते आणि मधली नळी अरुंद होते. मुळाच्या वाढत्या टोकाशी पेशींचं एक पातळ आवरण असतं. हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. मूळ किती लांब व्हायचं, त्याचा आकार कसा असायचा हे ते आवरण ठरवतं. त्याला लागूनच, टोकाच्या तोंडाशी, मऊ ऊतीचा एक गोळा असतो. त्यातल्या पेशी मूळपेशी आहेत, म्हणजे गरजेप्रमाणे वेगवेगळ्या पेशी घडवू शकतात, हे २००६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. पुढची सगळी गोष्ट या गोळ्याभोवती फिरते.

आता गर मेला की भिंत रचणारे कारागीरच संपतात. मूळ जिथे होतं तिथे थांबतं. एक्स-रे काढला तर हे अगदी स्पष्ट दिसतं. शेजारच्या निरोगी दाताचं मूळ खाली निमुळतं होत गेलेलं, नळी धाग्यासारखी बारीक. मेलेल्या दाताचं मूळ आखूड, दोन्ही बाजूंच्या भिंती पांढऱ्या रेघांइतक्या पातळ, आणि नळी टोकाशी निमुळती व्हायच्या ऐवजी फाकलेली. त्या उघड्या तोंडाखाली हाडात एक काळपट गोल डाग दिसतो. तिथलं हाड संसर्गाने विरघळलेलं असतं. तोंडात पाहिलं तर त्याच दाताच्या वर हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पुटकुळी असते. ती फुटते, पू येतो, बसते, पुन्हा येते. मूल मात्र बहुधा ‘दुखत नाही’ असंच सांगतं, कारण पुवाला बाहेर पडायला वाट मिळालेली असते. दुखत नाही म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि यातच सहा महिने, वर्ष, दोन वर्षं निघून जातात.

अशा दाताची नेहमीची रूट कॅनल का करता येत नाही? एक तर नळी इतकी रुंद असते की साफ करायच्या सुया तिच्या भिंतींना नीट टेकतच नाहीत, आणि जोर लावून घासावं तर आधीच पातळ असलेली भिंत आणखी झिजते. दुसरं, रूट कॅनलमध्ये शेवटी गट्टा पर्चा नावाचं रबरासारखं द्रव्य दाबून भरतात. पुऱ्या झालेल्या मुळाच्या टोकाशी नळी आवळलेली असते, त्यामुळे ते तिथे अडतं. इथे तळच नाही. दाबलं की ते सरळ हाडात जाणार. तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. समजा कसंबसं भरलंच, तरी मूळ पपईच्या देठासारखं राहतं: बाहेरून सरळसोट, आतून पोकळ आणि चेपलं की मोडणारं. आणि नऊ वर्षांच्या मुलाला हा दात पुढची साठ-सत्तर वर्षं वापरायचा असतो.

जुन्या उपचारांनी तळ नसण्याची अडचण सोडवली, पातळ भिंतीची सोडवली नाही. १९६० च्या दशकात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप नळीत भरून ठेवायची पद्धत आली. तो बदलत बदलत सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्ष ठेवला की टोकाशी कडक पापुद्रा धरतो, आणि मग नेहमीसारखं भरता येतं. पण इतके महिने हा लेप आत राहिला की डेंटिन ठिसूळ होत जातं. स्वीडनचे मिओमीर स्वेक यांनी मार लागून मेलेल्या आणि या पद्धतीने उपचार केलेल्या ८८५ पटाशीच्या दातांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ जितकं अपुरं, तितके दात मानेपाशी, म्हणजे हिरडीच्या रेषेजवळ, जास्त मोडलेले होते. सर्वांत अपुऱ्या मुळांच्या गटात हे प्रमाण ७७ टक्के होतं, आणि पुरं व्हायला थोडंच उरलेल्या मुळांच्या गटातही २८ टक्के. मुलाचा दात वाचवायचा, वर्षभर खेपा घालायच्या, आणि नंतर एक दिवस सफरचंद चावताना तो मोडायचा, असं कितीतरी मुलांच्या वाट्याला आलं.

पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांच्या चमूने एमटीए हे सिमेंट आणलं. त्याची घडण बांधकामातल्या पोर्टलंड सिमेंटच्या जवळची आहे. ओलाव्यात ते घट्ट होतं आणि आजूबाजूच्या ऊतीला खपतं. त्याची चार-पाच मिलिमीटरची गुडदी मुळाच्या उघड्या टोकात बसवली की एक-दोन खेपांत तळ तयार. हा उपचार आजही उत्तम चालतो आणि आपल्याकडे सर्रास होतो. महिनोन्महिन्यांच्या खेपा वाचल्या, लेपाने डेंटिन ठिसूळ होण्याची भीती टळली. पण मूळ तेवढंच आखूड राहतं आणि भिंत तेवढीच पातळ.

मग भिंत जाड कोण करणार? ते काम फक्त जिवंत पेशी करू शकतात. त्यांना परत आत आणायचं कसं, हा विचार नॉर्वेच्या नायगार्ड-ओस्टबी यांनी १९६१ मध्येच मांडला होता. मुद्दाम टोकाशी रक्तस्राव करायचा, नळीत रक्ताची गुठळी धरू द्यायची आणि तिच्या आधाराने नवी ऊती आत येते का पाहायचं. काही प्रमाणात ती आली, पण खऱ्या अर्थाने दात पुन्हा घडला असं झालं नाही. त्यांच्या हाताशी तेव्हा आजची द्रव्यं आणि साधनं नव्हती. जिथे जंतू आहेत तिथे नवी ऊती टिकत नाही, हे या उपचारातलं पहिलं सूत्र आहे. एक खूण मात्र दंतवैद्यांना आधीपासून दिसत होती. लहान मुलाचा दात मार लागून मुळासकट बाहेर आला आणि तो लवकर परत बसवला, तर कधी कधी त्या उघड्या तोंडातून रक्तवाहिन्या पुन्हा आत शिरतात आणि मूळ वाढत राहतं. नळी जंतूंपासून मुक्त असेल तर शरीर हे काम करू शकतं, हे त्यावरून दिसत होतं.

नळी जंतूमुक्त करण्याचा मार्ग जपानमधून आला. नीगाता विद्यापीठातल्या होशिनो आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन या तीन प्रतिजैविकांचं मिश्रण दाताच्या आतल्या जंतूंवर किती प्रभावी ठरतं ते दाखवलं. आणि २००१ मध्ये इवाया आणि सहकाऱ्यांनी एका तेरा वर्षांच्या रुग्णाची केस प्रसिद्ध केली. खालची दुसरी उपदाढ, गर मेलेला, मूळ अपुरं, हिरडीतून पू वाहणारा. त्यांनी नळी खरवडली नाही. प्रतिजैविकं वापरून ती शांत केली आणि गट्टा पर्चा न भरता मोकळी ठेवली. पाच महिन्यांनी टोक मिटायला लागलेलं दिसलं. तीस महिन्यांनी भिंत जाड झालेली होती आणि टोक पूर्ण मिटलेलं होतं. पू वाहणाऱ्या दाताचं मूळ पुन्हा वाढतं, हे तोवर कुणी गृहीत धरत नव्हतं.

तीन वर्षांनी, २००४ मध्ये, बँक्स आणि ट्रोप यांनी याला पद्धतीचं रूप दिलं. अकरा वर्षांच्या मुलाची तशीच खालची उपदाढ. आधी भरपूर धुणं, मग तीन प्रतिजैविकांचा लेप, मग मुद्दाम रक्तस्राव, वर एमटीए. दोन वर्षांनी त्या दाताचं मूळ शेजारच्या दातासारखं वाढलेलं होतं आणि दाताला थंडही जाणवत होतं. त्यानंतर जगभरातून अशा केसेस प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढे अमेरिकेतल्या एंडोडोन्टिस्टांच्या, म्हणजे रूट कॅनल तज्ज्ञांच्या, संघटनेने कार्यपद्धती ठरवून दिली आणि युरोपीय संघटनेने २०१६ मध्ये आपली भूमिका जाहीर केली.

गर मेला, पू झाला, तरी टोकाच्या पेशी जगल्या कशा? त्या गोळ्याला रक्तपुरवठा आजूबाजूच्या ऊतीतून होतो, गरातून नव्हे. वरची नळी सडली तरी तो बराच काळ तग धरू शकतो. म्हणूनच हा सगळा उपचार हळुवारपणे करायचा असतो: जंतू मरायला हवेत, पण या पेशी मरता कामा नयेत.

खुर्चीवर काय घडतं ते आता जवळून पाहू. पहिल्या खेपेला भूल देऊन दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावतात. त्यामुळे लाळ आत जात नाही आणि औषध तोंडात उतरत नाही. दाताला मागच्या बाजूने छोटं भोक पाडून नळी उघडतात. मग सोडियम हायपोक्लोराइटने ती धुतात. हे तेच रसायन जे ब्लीचमध्ये असतं. मोठ्यांच्या रूट कॅनलमध्ये डॉक्टर बरेचदा ते जास्त तीव्र वापरतात. इथे दीड टक्का पुरे, कारण तीव्र द्रावणाने मूळपेशी मरतात. वीस मिलिलिटर द्रावण पाच मिनिटं सावकाश सोडत राहायचं, सुईचं टोक मुळाच्या टोकापासून थोडं अलीकडे ठेवायचं, आणि जोर लावायचा नाही, कारण खाली तळ नाही. भिंती घासायच्या नाहीत किंवा अगदी नाममात्र. शेवटी नळी कोरडी करून कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा प्रतिजैविकांचा सौम्य लेप आत ठेवायचा आणि वरून घट्ट बंद करायचं. दुसरी खेप एक ते चार आठवड्यांनी. या थोड्या काळापुरतं कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवण्याने वर सांगितलेला ठिसूळपणा येत नाही, त्यामुळे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही.

दुसऱ्या खेपेला आधी पाहायचं की पुटकुळी बसली का, दात ठोकल्यावर दुखतो का. संसर्ग उरलेला असेल तर घाई न करता पुन्हा धुऊन पुन्हा लेप भरायचा. सगळं शांत असेल तर या वेळी भूल वेगळी लागते. दातांच्या भुलीत सहसा रक्तवाहिन्या आकुंचित करणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, म्हणजे भूल जास्त टिकते आणि रक्त कमी येतं. इथे रक्त हवंच असतं, म्हणून अ‍ॅड्रेनलिनशिवायची भूल देतात. मग लेप धुऊन काढून नळी ईडीटीए नावाच्या द्रावणाने भिजवतात. डेंटिन तयार होताना शरीराने त्यात वाढीचे घटक साठवलेले असतात. ईडीटीएने भिंतीचा वरचा थर थोडा विरघळतो आणि ते घटक मोकळे होतात. दाताने स्वतःच्याच भिंतीत राखून ठेवलेला हा ठेवा पेशींना बोलावून घेतो. या उपचारातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

आता मुख्य काम. एक बारीक फाइल, म्हणजे नळी साफ करायची सुई, टोकाशी किंचित वाकवून नळीतून खाली नेतात आणि मुळाच्या तोंडापलीकडे दोनेक मिलिमीटर जाऊन ऊतीला हलकेच डिवचतात. रक्त यायला लागतं. नळीतून ते हळूहळू वर चढतं, आणि मोठं करून दाखवणाऱ्या चष्म्यातून पाहणाऱ्या डॉक्टरांना त्याची लाल पातळी दिसत असते. हिरडीच्या रेषेच्या थोडं खाली ते थांबवून गुठळी धरेपर्यंत पंधराएक मिनिटं थांबायचं. या मिनिटांत मुलाला गप्प बसवणं हे खरं कौशल्याचं काम, आणि लहान मुलांच्या दंततज्ज्ञांचा हात इथे उपयोगी पडतो. या रक्ताबरोबर टोकाच्या मूळपेशीही आत आलेल्या असतात. गुठळीवर विरघळणारा जाळीदार तुकडा ठेवून त्यावर एमटीए किंवा बायोडेंटिन नावाच्या तशाच सिमेंटचा तीन-चार मिलिमीटरचा थर देतात आणि वर पक्कं फिलिंग करतात. कधी रक्त येतच नाही किंवा पुरेसं येत नाही. तेव्हा मुलाच्याच हाताचं रक्त घेऊन, ते फिरवून वेगळा केलेला फायब्रिनचा गोळा, म्हणजे पीआरएफ, आत ठेवता येतो.

इतकं सगळं करून मिळतं काय? मुलांच्या आईवडिलांना मी इथे स्पष्ट सांगेन, कारण या उपचाराच्या नावावरून अपेक्षा फार वाढतात. यशाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिली, दुखणं-पू जाऊन हाड भरून येणं. ही बहुतेक चांगल्या केसेसमध्ये गाठली जाते आणि एक्स-रेतला काळा डाग सहा ते बारा महिन्यांत निवळू लागतो. दुसरी, भिंत जाड होणं आणि मूळ लांबणं. हे दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि प्रत्येक दातात ते सारखं होत नाही. तिसरी, दाताला थंड किंवा विजेच्या चाचणीची जाणीव परत येणं; ही काही दातांतच होते.

आणि आत जे भरून येतं, तो बहुधा पूर्वीचा गर नसतो. काही कारणाने पुढे काढाव्या लागलेल्या अशा दातांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली आहे. त्यात भिंतीवर चढलेला थर बरेचदा मुळाच्या बाहेरच्या सिमेंटम नावाच्या थरासारखा किंवा हाडासारखा आढळला, आणि मधली ऊती दाताभोवतीच्या ऊतीच्या जवळची. शरीराने तिथे दुरुस्ती केली, पहिलं बांधकाम जसंच्या तसं पुन्हा केलं नाही. माझ्या मते यात नाराज व्हायचं कारण नाही. जिवंत ऊती असलेला, भिंत थोडी जाड झालेला, शांत दात हे मोठंच मिळवणं आहे. पण ‘दात पूर्वीसारखा जिवंत होतो’ असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका.

निकाल दात कशाने मेला यावरही अवलंबून असतो. वरच्या दोन्ही प्रसिद्ध केसेस खालच्या उपदाढांच्या होत्या, हा योगायोग नाही. काही मुलांच्या उपदाढेच्या मधोमध एक बारीक टोकदार उंचवटा असतो. पूर्व आशियाई लोकांत तो जास्त आढळतो, आपल्याकडेही दिसतो. चावताना तो मोडला की आतल्या गरापर्यंत जंतूंना थेट वाट मिळते, आणि कीड नसलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या दाताला पू होतो. पण अशा दातात हर्टविगच्या आवरणाला धक्का लागलेला नसतो, म्हणून मूळ छान वाढतं. मार लागून जागचा हललेल्या किंवा आत घुसलेल्या पटाशीच्या दातात मात्र ते आवरणच चिरडलेलं असू शकतं. तिथे संसर्ग जातो, पण मूळ वाढेलच असं नाही.

दोष आणखीही आहेत. मिनोसायक्लिनने दात करडा पडतो, म्हणून पुढच्या दातात ते टाळतात किंवा फक्त दोनच प्रतिजैविकं वापरतात. एमटीएनेही मानेपाशी काळपटपणा येतो, त्यामुळे दिसणाऱ्या दातात बायोडेंटिनसारखी द्रव्यं बरी. काही दातांची नळी कालांतराने कडक थराने पूर्ण बुजते. काहींत संसर्ग परत येतो, कधी दोन-चार वर्षांनी. तसं झालं तर एमटीएच्या गुडदीचा मार्ग बहुतेक वेळा खुला राहतो, त्यामुळे हा प्रयत्न फसला म्हणजे दात गेलाच असं नसतं. उलट मूळ पुरं झालेलं असेल, तोंड जेमतेम मिटायचं राहिलं असेल, दात इतका मोडला असेल की नळीत खिळा बसवूनच तो बांधावा लागणार असेल, किंवा मूल खुर्चीवर स्थिर बसूच शकत नसेल, तर सुरुवातीलाच दुसरा उपचार निवडणं शहाणपणाचं.

आता या सगळ्याच्या आधीची, जास्त महत्त्वाची गोष्ट. गर अजून जिवंत असेल तर रूट कॅनल, रीजनरेटिव्ह किंवा साधी, कुठलीच करायची नाही. दात तुटून मधोमध लाल ठिपका दिसला की पालक आणि कधी कधी डॉक्टरही ‘नस उघडी पडली, रूट कॅनल करावी लागेल’ म्हणतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याचदा ठीक असतं. मुलाच्या अर्धवट मुळाच्या दातात मात्र उघड्या पडलेल्या गराचा वरचा दोनेक मिलिमीटरचा भाग तेवढा काढून, औषधाचा थर देऊन, उरलेला गर जगवायचा असतो. याच स्वेक यांनी १९७८ मध्ये अशा ६० दातांचा निकाल प्रसिद्ध केला. ९६ टक्के दात बरे झाले, आणि त्यात मार लागून कित्येक दिवस उलटलेले दातही होते. जगलेला गर स्वतःच मूळ पुरं करतो, खऱ्या डेंटिनने. रीजनरेटिव्ह उपचार कितीही चांगला झाला तरी जगलेल्या गराची सर त्याला येत नाही.

गर जिवंत आहे की नाही हे ठरवतानाही सबुरी लागते. नव्या दातात मज्जातंतूंची वाढ उशिरा होते, त्यामुळे थंड किंवा विजेच्या चाचणीला निरोगी दातही बरेचदा प्रतिसाद देत नाही. मार लागल्यावर लगेचच्या चाचणीत काही जाणवलं नाही, एवढ्यावरून दात मेला म्हणू नये. हिरडी, रंग, ठोकल्यावरचा फरक, आणि काही आठवड्यांच्या अंतराने काढलेले एक्स-रे यांवरून ठरवायचं.

दात मुळासकट बाहेर पडला असेल तर वेळ मिनिटांत मोजायची असते. दात वरच्या पांढऱ्या भागाने उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर दुधाने किंवा नळाच्या पाण्याने क्षणभर धुवा आणि तिथल्या तिथे जागेवर बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. ते जमत नसेल तर दुधात बुडवून डॉक्टरकडे पळा. साध्या पाण्यात ठेवू नका आणि कोरड्या कागदात तर मुळीच गुंडाळू नका. हे फक्त कायमच्या दाताचं. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नसतो. नुसता तुकडा मोडला असेल तर तो तुकडाही दुधात किंवा पाण्यात घेऊन जा, बऱ्याचदा तो परत चिकटवता येतो.

मूळपेशींचा विषय निघाला की पडणारे दुधाचे दात बँकेत जपून ठेवण्याच्या जाहिराती आठवतात. दुधाच्या दाताच्या गरातल्या पेशी वाढवून जखमी दातात घालण्याचा एक प्रयोग चीनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला आहे आणि त्यात आशादायक निकाल आले. पण तो संशोधनाचा भाग आहे, दवाखान्यात मिळणारा उपचार नाही. आपल्या देशात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकांना मान्यता दिली. दाताचा गर व्यापारी तत्त्वावर साठवण्याला त्यात परवानगी नाही. इथे वर्णन केलेल्या उपचाराला कुठल्याही बँकेची गरज लागत नाही. लागतात त्या पेशी मुलाच्या जबड्यातच, मुळाच्या टोकाशी आहेत.

डॉक्टरकडे जाल तेव्हा आधी एवढंच विचारा: या दाताचं मूळ पुरं झालंय का, आणि गर पूर्ण मेलाय की थोडा जिवंत आहे? या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. लहान मुलांचे दंततज्ज्ञ किंवा रूट कॅनल तज्ज्ञ यांच्याकडे हा उपचार होतो; सरकारी दंत महाविद्यालयांमध्ये या दोन्ही शाखांचे विभाग असतात. ‘दात काढून टाका, मोठेपणी इम्प्लांट बसवू’ असा सल्ला मिळाला तर दुसरं मत नक्की घ्या. जबड्याची वाढ थांबेपर्यंत इम्प्लांट बसवता येत नाही, आणि दात काढला की मधल्या आठ-दहा वर्षांत तिथलं हाड खचत जातं. अर्धवट मुळाचा, निकालाची खात्री नसलेला दातही तोवर हाड आणि जागा दोन्ही राखतो.

उपचार झाल्यावर मूल नेहमीसारखं जेवतं, ब्रश करतं. मैदानी खेळ असतील तर दातांना माउथगार्ड करून घ्या. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं आणि पुढे दरवर्षी तपासणी लागते, कारण दात शांत वाटत असतानाही आत संसर्ग परतू शकतो. यातल्या खेपा चुकतात त्या दुखत नाही म्हणूनच. उपचाराआधीच्या पहिल्या एक्स-रेची प्रत स्वतःजवळ ठेवा, फोनमध्ये नुसता फोटो काढून न ठेवता डॉक्टरांकडून मूळ फाइल मागून घ्या आणि तिच्यावर तारीख घाला. बदली झाली, गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी मूळ किती वाढलं हे नव्या डॉक्टरांना त्या पहिल्या चित्राशी ताडूनच सांगता येतं.